अपघात आणि दैव

“दैवात होते ते घडले,” असे अपघातानंतर लोक सहज म्हणतात. कोणी सारा दोष चालकाच्या माथी मारून मोकळे होतात. माझ्या मते या दोन्ही उत्तरांनी विचाराचे दार बंद होते. अपघाताला कारणे असतात, आणि बहुधा ती एकाहून अधिक असतात.

लोणावळ्याच्या परिसरात पर्यटक हौसेने ‘क्वाड बाइक’ चालवितात. चार चाकांचे हे वाहन कलंडणार नाही, असे नवख्यास वाटते. परंतु पेंढ्याने उंच भरलेली बैलगाडी उतारावर आडवी गेली की कशी उलटते, हे मावळातील मुलांना सांगावयास नको. भार जितका उंच आणि चाकांमधील अंतर जितके कमी, तितका तोल लवकर जातो. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा चाकांच्या बाहेर पडली, की वाहन उलटते व स्वार त्याखाली सापडतो. तीन चाकांच्या अशा नव्या वाहनांची विक्री अमेरिकेत १९८८ साली थांबविण्यात आली, ती उगीच नव्हे.

अपघाताचा शोध घेणारा अभियंता चाकांच्या खुणा व उतार मोजतो. टायरमधील हवा, ब्रेक आणि शिरस्त्राण तपासतो. “कोण चुकले?” एवढेच विचारून तो थांबत नाही, “पुन्हा असे घडू नये म्हणून काय बदलावे?” हेही तो विचारतो.

या प्रश्नाचे मोल मावळाने पाहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी सेव्हलाईफ फाउंडेशन या संस्थेने रस्ते विकास महामंडळ व पोलीस यांच्यासह अपघातांची कारणे शोधून उपाय योजण्याचे कार्य आरंभिले. पुढील काळात मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली.

जे महामार्गावर साधले, ते माळरानावर का साधू नये? तेथील प्रत्येक अपघाताची नोंद व तपासणी व्हावी. शिरस्त्राणाशिवाय कोणासही वाहन देऊ नये. आणि प्रौढांसाठी घडविलेले वाहन सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

याने खेळाची गोडी जाईल, असे काही जण म्हणतील. मुलांनो, लोहगडाची वाट चढणारा पाऊल रोवूनच पुढचे पाऊल टाकतो. म्हणून त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. सावधपणा हा साहसाचा शत्रू नव्हे, सोबती होय.