ज्येष्ठांच्या लसीकरणाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

‘आता या वयात लस कशाला?’ हे आमच्या संघातल्या अनेकांनी घरी ऐकले आहे, काहींनी दवाखान्यातही. वयाबरोबर प्रतिकारशक्ती थकते, हे खरेच. छातीतली थायमस ग्रंथी तारुण्यापासून आक्रसत जाते, नवा जंतू ओळखणाऱ्या ताज्या टी-पेशी कमी तयार होतात. लशीने बनणारी प्रतिपिंडेही कमी पडतात आणि लवकर ओसरतात. पण म्हणून लसच नको म्हणणे उफराटे आहे. अशा शरीराला लस जोरकस हवी आणि वेळेवर हवी.

नागिणीचे उदाहरण पाहा. दुबळा केलेला जिवंत विषाणू असलेली जुनी लस सत्तरीपुढे जेमतेम ३८ टक्के उपयोगी पडली. मग विषाणूचे एकच प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारे सहायक द्रव्य घालून नवी लस आली. तिचा परिणाम त्याच वयात ९० टक्क्यांच्या आसपास निघाला. नागिणीची दोन तोंडे कमरेभोवती जुळली की माणूस जातो, असे लोक अजून म्हणतात. तसे काही होत नाही; पण पुरळ गेल्यावरही महिनोन् महिने अंगाला सदरा लागलेला सोसवत नाही, हे भोगलेल्यांना विचारावे. ही लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोसांचा खर्च पेन्शनीत बसत नाही.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम बालकांचा आणि गरोदर मातांचा. सत्तरीपुढे आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. म्हणजे न्यूमोनियाने खाटेवर पडलो की सरकार खर्च करणार, पडू नये म्हणून नाही! हा हिशेब आम्हाला उलगडत नाही.

आमच्या मागण्या :

१. साठीपुढील सर्वांना फ्लू आणि न्यूमोकोकल लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळावी. फ्लूची लस दरवर्षी मे-जूनमध्येच द्यावी. आपल्याकडे साथ पावसाळ्यात वाढते. दिवाळीनंतर आलेला साठा आमच्या काय कामाचा?

२. फ्लूची चौपट मात्रेची किंवा सहायक द्रव्य असलेली लस ज्येष्ठांसाठी खरेदी करण्याचा विचार व्हावा. अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०२२ मध्येच ६५ वर्षांपुढे अशा लशींना प्राधान्य दिले आहे.

३. नागिणीची लस सवलतीत द्यावी.

४. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी येऊन लस द्यावी; कोविडकाळात मुंबईत हे झाले होते. त्यांना सांभाळणाऱ्यांनाही फ्लूची लस त्याच वेळी टोचावी.

फ्लू लशीच्या पुढील खरेदीची निविदा निघण्यापूर्वी आमच्या शिष्टमंडळाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष व कार्यकारिणी,
ज्येष्ठ नागरिक संघ