सदऱ्याचा रंग आणि नदीचे पाणी

दिवाळी अंकात रसायनांची यादी घेऊन बसणाऱ्या लेखकाला वाचक काय म्हणतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. मागच्या पानावर गोष्ट आहे, पुढच्या पानावर राशिभविष्य आहे, आणि या गृहस्थाने ऐन सणात सांडपाणी काढले! पण माझा नाइलाज आहे. दिवाळीला नवे कापड घेत नाही असे घर आपल्याकडे विरळा. आणि त्या कापडाच्या मागोमाग चालू लागले, की वाट थेट नदीवर जाते.

कापड घेताना आपण काय पाहतो? पोत पाहतो, शिवण पाहतो, किंमत तर पाहतोच पाहतो. आणि रंग जाईल की राहील, हे दुकानदाराला हटकून विचारतो. हा प्रश्न आपल्या आज्यांनीही विचारला होता. जो रंग जातो तो कोठे जातो, हे मात्र विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. सुती कापडावर आज बहुतेक ठिकाणी जे ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ जातीचे रंग चढवतात, त्यांची रीत अशी आहे की, रंगाने पाणी सोडून धाग्याकडे वळावे म्हणून हौदात मीठ घालावे लागते. तेही चिमूटभर नव्हे. गडद रंग असेल तर दर लिटर पाण्याला ५० ते ८० ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे हा हौद समुद्राहून खारट झाला! एवढी मनधरणी करूनही रंगाचा काही हिस्सा, कधी पाचवा तर कधी त्याहून अधिक, धाग्याला न बिलगता पाण्याबरोबर चालता होतो. आणि मीठ? ते तर सगळेच जाते. ते कापडावर राहावे अशी कोणाची इच्छाच नसते.

आता तमिळनाडूतील तिरुप्पूरला चला. जगातल्या कितीतरी देशांतली माणसे अंगात जे बनियन आणि टी-शर्ट घालतात, ते या गावात विणले, रंगवले आणि शिवले जातात. गावातून नोय्यल नावाची नदी वाहते. सह्याद्रीच्या वेळ्ळियंगिरी डोंगरात उगम पावून ती पुढे कावेरीला मिळते. १९९२ साली या नदीवर तिरुप्पूरच्या खाली ओरत्तुपाळयम येथे धरण बांधून पुरे झाले. सुमारे २०,००० एकरांना पाणी द्यावयाचे, असा बेत होता. पाणी साठले खरे, पण ते रंगशाळांचे. थोड्याच वर्षांत अशी वेळ आली की, ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधले त्यांच्याच संघटनेने त्या पाण्यापासून आम्हांला वाचवा म्हणून उच्च न्यायालय गाठले. धरणाचे पाणी मिळावे म्हणून भांडणारे शेतकरी आपण पुष्कळ पाहिले आहेत. पाणी नको म्हणून न्यायालयाची पायरी चढणारे शेतकरी पाहावयाचे तर तिरुप्पूरलाच जावे लागेल.

खटला चालत राहिला. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितले, की रंगशाळेतून एक थेंबही बाहेर सोडता कामा नये. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शेतकऱ्यांचीच बाजू उचलून धरली. आणि तरीही ओढे रंगीतच वाहत राहिले, तेव्हा जानेवारी २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ७००हून अधिक रंगशाळा एकदम बंद करावयास लावल्या. हजारो मजुरांचा रोज बुडाला. कापड रंगवून घेण्यासाठी लांबलांबच्या गावी धाडावे लागले. तिकडच्या नद्यांनी त्याबद्दल काय म्हटले ते कोणी नोंदवलेले नाही.

या सगळ्या काळात परदेशातील गिऱ्हाईक झोपले होते काय? मुळीच नाही. ते भलतेच जागे होते; पण त्याची नजर दुसरीकडे होती. काही ‘अ‍ॅझो’ रंगांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये सुटू शकतात, म्हणून १९९४ मध्ये जर्मनीने त्यांना बंदी केली. आपल्या सरकारने १९९७ मध्ये त्याच वळणाची बंदी आणली, आणि २००२ मध्ये साऱ्या युरोपीय संघाने तसा नियम केला. फार उत्तम झाले. या नियमांमुळे हिंदुस्थानातल्या रंगाऱ्यांच्या हातून आणि फुप्फुसांतूनही ते विष थोडे दूर गेले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती ती सदरा घालणाऱ्याची कातडी. तयार कापड तपासले, त्यात काही सापडले नाही, की सदरा निर्दोष! तो रंगवताना नदीचे काय झाले हे कापडाला विचारून कळत नाही.

बरे, यादी एक असती तरी एक वेळ चालले असते. ती दर व्यापाऱ्याची निराळी. इचलकरंजीचे माझे एक परिचित निर्यातीच्या कापडाला रंग देतात. त्यांच्या कचेरीत बसलो असताना कपाटातल्या फायलींची चवड पाहून मी विचारले, “एवढे हे कसले खटले?” ते हसले आणि म्हणाले, “खटले नव्हेत हो, पाहुणे आहेत. दर पाहुण्याची फाईल वेगळी. एक आला की पाण्याचा हिशेब लिटरमध्ये मागतो, दुसरा घनमीटरमध्ये. एकाला पिंपांवर पिवळी चिठ्ठी पाहिजे, दुसऱ्याला लाल. पाणी तेच, हौद तोच, मीही तोच. आणि पाहुणचार माझ्या खर्चानं!” तपासनीस येतो त्याची फी बहुतेक वेळा कारखानदारानेच भरावयाची असते, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. परीक्षेची फी विद्यार्थी भरतोच म्हणा. पण एकाच विषयाची परीक्षा वर्षातून अनेकदा, दर वेळी नव्या विद्यापीठाची, असे कोठे ऐकले आहे?

एक सामाईक यादी असावी ही कल्पना या त्रासातून निघाली असती तर ती कधीच निघाली नसती. कारण हा त्रास रंगाऱ्याचा होता. ती निघाली व्यापाऱ्यांच्या अब्रूला हात लागला तेव्हा. जुलै २०११ मध्ये ग्रीनपीस या संस्थेने चीनमधील यांगत्झे आणि पर्ल या नद्यांच्या मुखाजवळच्या दोन कारखान्यांचे सांडपाणी तपासून अहवाल छापला, आणि त्या कारखान्यांशी ज्यांचा व्यवहार होता अशा जगप्रसिद्ध कंपन्यांची नावे भर चौकात वाचून दाखवली. मग हालचाल झाली, आणि भलतीच वेगाने झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आदिदास, नायकी, प्यूमा, एच अँड एम, सी अँड ए आणि चीनची ली निंग, या एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या सहा कंपन्यांनी मिळून एक आराखडा जाहीर केला. घातक रसायनांचा विसर्ग २०२० पर्यंत शून्यावर आणावयाचा, असा त्यांचा संकल्प होता. झेडडीएचसी या आद्याक्षरांनी ही मंडळी ओळखली जातात. २०१४ मध्ये त्यांची सामाईक यादी आली, आणि २०१६ मध्ये सांडपाण्याचे सामाईक नियम आले. २०२० सरले, शून्य काही आले नाही. पण यादी आली ती टिकली, वाढली, आणि पुढे कितीतरी कंपन्यांनी ती उचलली.

या यादीत शहाणपणाची एक गोष्ट आहे. ती तयार कापडाकडे पाहत नाही, रंगशाळेच्या दारातून आत येणाऱ्या पिंपाकडे पाहते. सांडपाण्याच्या एका पेल्यात शेकडो द्रव्ये मिसळलेली. त्यांत कोणते कोठून आले हे शोधण्यापेक्षा आत येतानाच अडवणे सोपे. शिवाय पिंपात काय आहे हे रंगाऱ्याला कोठे माहीत असते? त्याला दुकानी नाव आणि क्रमांक तेवढा कळतो. तेव्हा पिंप भरणाऱ्या रसायनवाल्यानेच हमी द्यावी, ही मागणी रास्त आहे. हमी एका गिऱ्हाइकाने मागितली तर रसायनवाला ढुंकून पाहणार नाही. पन्नासांनी मिळून एकच हमी मागितली, तर त्याला बैठक मारून ऐकावे लागते. एकीचे बळ म्हणतात ते येथे खरोखर उपयोगी पडले.

नाही तर काय होते त्याचा मासला पाहा. कापड धुण्यासाठी वापरतात त्या साबणी द्रव्यांत नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट नावाचे एक असे. पाण्यात त्याचे विघटन झाले की जे उरते ते माशांच्या शरीरात स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. युरोपने आपल्या गिरण्यांतून ते २००५ मध्ये बंद केले. पण बाहेरून येणाऱ्या कापडात ते नसावे हा नियम लागू व्हायला २०२१ उजाडले! मधली सोळा वर्षे ते आपल्याकडे नि चीनकडे पिंपांतून ओतले जात होते, आणि कापडात जे चिकटून राहिले ते तिकडच्या गृहिणी धुऊन पुन्हा आपल्याच नद्यांत सोडत होत्या.

आता माझी तक्रार. तिरुप्पूरची शेती मारली ती मुख्यतः मिठाने. आणि मीठ हे काही यादीतले विष नव्हे. ते तुमच्या-माझ्या ताटात असते. सर्व वर्ज्य पिंपे दाराबाहेर ठेवून, प्रमाणपत्र भिंतीवर टांगून, नदी खारट करता येते. हा रोग परदेशी यादीने हेरला नाही; तो हेरला विहिरीचे पाणी पिकाला घालून पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी. त्यावरचा उपायही त्यांच्या खटल्यातून आला. आज तिरुप्पूरच्या सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांत पाणी बारीक पडद्यांतून दाबून गाळतात, उरलेले खारे पाणी आटवतात, आणि पाणी व मीठ दोन्ही पुन्हा हौदात नेतात. विलक्षण काम आहे. मी त्या लोकांना मानतो. मात्र आटवण्यासाठी इंधन जाळावे लागते, आणि कशालाच उपयोगी न पडणारे मिश्र मीठ पोत्यांत साठत जाते. सामाईक नियम करावयाचा तो असा नदीकाठच्या माणसाला बैठकीत बसवून करावा, एवढेच माझे म्हणणे.

आणि खर्च? याबद्दल यादी मूक आहे. त्या परिचितांना मी विचारले, “एवढे सगळे केल्यावर पाहुणे भाव वाढवून देतात का?” ते म्हणाले, “देतात की, शाबासकी. भाव शेजारच्या देशात काय चाललाय त्यावरून ठरतो.” नियम सर्वांनी मिळून करावयाचा आणि भाव मात्र एकेकट्याने पाडून मागावयाचा, ही चाल आहे तोवर रात्री दहानंतर आणि पावसाच्या सरीत झडपा उघडणारच. २०२४ मध्ये युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांच्या कृत्यांची जबाबदारी टाकणारा कायदा केला खरा. पण २०२५ मध्येच त्याची मुदत पुढे सरकवण्यात आली.

इकडे आपल्या घरचे काय? इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि त्या गावाने निम्म्या देशाला कापड पुरवले. आज तिथले बरेचसे कापड देशी बाजारात जाते. त्याला परदेशी पाहुणा नाही, यादी नाही, फाईल नाही. आहे ते प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि त्याच्या नोटिसा. पंचगंगेच्या दूषित पाण्यात शहराच्या मैल्याचा वाटाही मोठा आहे, सगळा दोष रंगाऱ्यावर ढकलणे अन्यायाचे होईल. पण शिरोळकडच्या जलपर्णीने झाकलेल्या पात्रापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला तो हिशेब सांगून काय उपयोग? निर्यातीच्या हौदासाठी वापरतात तीच वर्ज्य पिंपांची यादी शेजारच्या देशी हौदाला लावावयास कोणत्याही परदेशी कंपनीची परवानगी लागत नाही. आपल्याकडच्या बड्या कापडदुकानांनी, ज्यांच्या जाहिराती याच अंकात पानोपानी आहेत, मिळून एकदा ती मागावी. आणि मागताना पाण्याच्या शुद्धीचा खर्च वाराच्या भावात किती धरणार, तेही त्याच कागदावर लिहावे.