पाणी कडक गरम येतंय, तरीही गिझर बिघडलेला असू शकतो

गॅस गिझर बिघडला, असं आपण कधी म्हणतो? पाणी गरम येत नाही तेव्हा. मेकॅनिकला फोन जातो, तो येतो, उघडझाप करतो, पाणी पुन्हा वाफाळतं आणि विषय संपतो. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. ज्या बिघाडांसाठी आपण धावाधाव करतो, त्यांनी माणूस मरत नाही. ज्यांनी मरतो, त्यात पाणी व्यवस्थित गरम येत असतं.

आधी निरुपद्रवी बिघाड पाहू. नळ सोडल्यावर ‘टिकटिक’ होत नसेल तर बहुतेक वेळा खालच्या डबीतले दोन जाड सेल उतरलेले असतात. टिकटिक होते पण ज्योत धरत नाही, तर आधी सिलिंडर आणि रेग्युलेटर बघा. दोन्ही ठीक असतील तर पाण्याच्या दाबाकडे या. गिझरमध्ये एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो सरकतो, तेव्हाच गॅसची वाट उघडते. गारखेड्यात पुंडलिकनगरपासून सूतगिरणी चौकापर्यंत कितीतरी घरांत टाकी गच्चीवर आणि बाथरूम तिच्या लगेच खाली. तेवढ्या उंचीने दाब पुरत नाही. शिवाय नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून बोअर नाहीतर टँकर. त्या जड पाण्यातल्या क्षारांनी आतली जाळी तुंबते, कॉइलमध्ये थर साचतो आणि धार बारीक होते. ही कामं कोणताही जाणता कारागीर तासाभरात करतो. थंड पाण्याने अंघोळ करावी लागली म्हणून आमच्या वॉर्डात कुणी दाखल झाल्याचं मला आठवत नाही.

आता दुसऱ्या जातीचे बिघाड. बर्नरवर धूळ आणि गंज बसलेला, कॉइलच्या पात्यांमध्ये काजळी अडकलेली, त्यामुळे जळालेला वायू वर जायला वाट नाही. अशा वेळी निळी, आखूड ज्योत पिवळी आणि लांबट होते. वरच्या झाकणावर, भिंतीवर काळा डाग दिसू लागतो. घरची मंडळी तो डाग घासून पुसतात आणि गिझर तसाच वापरतात. पाणी गरम येतंय ना!

आणि एक तक्रार तर मला हमखास ऐकू येते : ‘डॉक्टर, आमचा गिझर मध्येच बंद पडतो.’ काही गिझरमध्ये ठरावीक मिनिटांनी ज्योत विझवणारी सोय असते, तर काहींत खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर. म्हणजे गिझर बिघडलेला नसतो, तो तुम्हाला वाचवत असतो. पण घरचे म्हणतात, ‘दादा, काहीतरी करा, डोक्याला साबण लावला की हा विझतो,’ आणि दादा दोन वायरी परस्पर जोडून देतात. दुरुस्तीच्या नावाखाली याहून घातक काम मला माहीत नाही.

थोडा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ताकदीने तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरात महिनाभर पुरणारा 14.2 किलोचा सिलिंडर हा गडी चौदा-पंधरा तासांत संपवेल. एक किलो गॅस जाळायला सुमारे 13 घनमीटर हवा लागते, म्हणजे दहा मिनिटांच्या अंघोळीला दोन घनमीटरहून थोडी जास्त. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच घनमीटरच्या आत असते. दार बंद, खिडकी बंद, थंडी नको म्हणून झरोक्यात वर्तमानपत्राचा बोळा. गिझर नवाकोरा असला तरी काही मिनिटांत ज्योतीला ऑक्सिजन कमी पडतो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दिवाळीच्या पहाटे घरातले पाच जण पाठोपाठ अभ्यंगस्नान करतात, तेव्हा शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला काय हवा येत असेल?

सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने ठसकाही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. कडी काढायला हवी हे कळतं, पण हात उठत नाही. कुणाला फिट येते, आणि मग मेंदूचे फोटो काढत वर्षभर फिटच्या गोळ्या सुरू राहतात. गॅस गिझरमुळे शुद्ध हरपल्याच्या, झटके आल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत गेली अनेक वर्षं येत आहेत. वाचलेल्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यातला अडखळेपणा सुरू होतो. 2023 च्या मार्चमध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत आढळलं, तेव्हाही पहिला संशय गॅस गिझरवरच गेला होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच. तो बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा डक्टच्या मोकळ्या बाजूला लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. खालून हवा आत यायला वाटच नसेल तर फॅन ओढणार काय? आणि तो सुरू करायचं विसरणं तर फारच सोपं. पाइप लांबवायचा खर्च काही हजारांचा असतो.

घरमालक हा खर्च टाळतात. आपल्याकडे विद्यार्थ्यांना, नोकरदार पोरांना खोल्या देणारी घरं पुष्कळ आहेत. ‘गिझरची सोय आहे’ म्हणून भाडं वाढवलं जातं, पण तो गिझर कुठे टांगलाय, शेवटचा कधी साफ केला, हे कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान गॅस एजन्सीचा माणूस शेगडी आणि नळी तपासायला येतो, तेव्हा त्याने बाथरूममध्येही डोकावावं, एवढी सक्ती व्हायला काय हरकत आहे?

आत कुणी फार वेळ गप्प असेल तर हाका मारत थांबू नका. सिलिंडर बंद करा, दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत ओढून आणा आणि 108 ला फोन लावा. रक्तातला हा वायू साध्या हवेत निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. मात्र बोटाला लावायच्या यंत्राला हा फरक कळत नाही. ते 98 दाखवतं आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून दवाखान्यात ‘चक्कर आली’ एवढंच सांगू नका. बाथरूममध्ये गॅस गिझर सुरू होता, हे पहिल्या वाक्यात सांगा. त्या सकाळी घरातल्या आणखी कुणाचं डोकं दुखत होतं का, तेही.