साठचे एकशेऐंशी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातवाने माझ्यापुढे एक कर्जप्रकरण ठेवले. लेकीचा मुलगा, वय वर्षे सोळा, अकरावीत. वहीच्या दोन पानांवर त्याने सगळे व्यवस्थित मांडून आणले होते. किंमत किती, स्वतःची बचत किती, आजोबांकडून अपेक्षित रक्कम किती, परतफेड किती हप्त्यांत. तारण म्हणून त्याने आपली सायकल लिहिली होती. अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या म्हाताऱ्याला वश कसे करायचे, हे पोराला बरोबर उमगले होते. फक्त ‘कर्जाचे प्रयोजन’ या मथळ्यापुढे लिहिलेले मला कळेना. तिथे होते, ‘१८० हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर’.

‘‘घरातला मॉनिटर बिघडला का?’’ मी विचारले.

‘‘नाही आजोबा, पण तो साठचा आहे.’’

हे त्याने अशा सुरात सांगितले, की अडुसष्टाव्या वर्षी मला उगाचच अपराध्यासारखे वाटले. मग त्यानेच खुलासा केला. साठ हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते. एकशेऐंशी म्हणजे एकशेऐंशी वेळा. यालाच रिफ्रेश रेट म्हणतात. माझा शेरा मनात तयार होता, ‘प्रयोजन अनुत्पादक, नामंजूर.’ सेकंदाला साठ चित्रे ज्याला पुरत नाहीत, त्याला एकशेऐंशी तरी कशी पुरणार? पण स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, ‘‘बाबा, नाही म्हणायचं तर म्हणा, पण आधी त्याच्या खुर्चीत बसून बघा.’’ तिच्या सुरात काहीतरी वेगळे होते. त्याविषयी पुढे सांगतो.

तर मी खुर्चीत बसायचे ठरवले. बसण्यापूर्वी थोडा अभ्यास केला, बँकेतली सवय.

मला वाटत होते, की डोळ्याला एका मर्यादेपलीकडे काही दिसतच नाही. सिनेमा तर सेकंदाला अवघ्या २४ चित्रांवर चालतो. बोलपट आल्यापासून हेच माप रूढ आहे आणि तीन तास डोळे पुसत बसलेल्या प्रेक्षकाने कधी तक्रार केलेली नाही. दूरदर्शनचे गणित २५ चित्रांचे. प्रत्येक चित्राचे दोन भाग करून सेकंदाला ५० वेळा पडद्यावर यायचे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेतली वीज ६० ची, म्हणून तिकडच्या टीव्हीचा आकडा साठ, आणि पुढे संगणकाच्या पडद्यावरही तोच मुक्कामाला राहिला. म्हणजे साठ हा आकडा माणसाच्या डोळ्याची मर्यादा पाहून ठरलेला नाही.

मग सिनेमाला २४ पुरतात, ती खेळाला का पुरू नयेत? याचे उत्तर मला फार आवडले. सिनेमाचा कॅमेरा धावत्या घोड्याचे चित्र घेतो, तेव्हा झडप उघडी असेपर्यंत घोडा थोडा पुढे सरकलेला असतो आणि त्याची किंचित पुसट रेघ चित्रात उमटते. ती पुसट रेघच आपल्या मेंदूला गतीचा भास करून देते. संगणकाच्या खेळातले प्रत्येक चित्र बहुधा लख्ख, थिजलेले असते. शिवाय सिनेमात आपण नुसते पाहतो. खेळात आपलाच हात माऊसवर असतो. हात हलला आणि चित्र मागून आले, की ते लगेच खटकते. देवळातल्या भजनात झांज किंचित मागे पडली, तर श्रोत्याला एक वेळ चालते. झांज वाजवणाऱ्याला चालत नाही.

आता हिशेब. सेकंदाचे हजार भाग केले, तर साठ हर्ट्झवर एक चित्र सुमारे १६.७ भाग पडद्यावर राहते. १८० वर ते ५.६ भाग राहते, २४० वर ४.२ आणि ३६० वर २.८. म्हणजे साठवरून एकशेऐंशीवर गेलात, तर दर चित्रामागे ११ भाग वाचले. तिथून २४० वर गेलात, तर जेमतेम १.४. तिथून पुढे ३६० वर गेलात, तरी पुन्हा तेवढेच १.४. आम्ही ज्या दिवशी दुकानात गेलो, त्या दिवशी २४ इंची १८० च्या मॉनिटरवर बारा हजारांच्या आसपासची पाटी होती, २४० च्या मॉनिटरवर अठरा हजारांची, आणि ३६० ची पाटी त्याच्या दुपटीच्या पलीकडे. कर्ज पहिल्या टप्प्याला द्यावे की तिसऱ्या, हे ठरवायला बँकेची परीक्षा पास व्हावी लागत नाही.

दुकान म्हणजे लॅमिंग्टन रोडवरचे. त्या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले, त्याला कित्येक वर्षे लोटली. पण संगणकाचे सुटे भाग घ्यायला येणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. दुकानदार भला माणूस होता. त्याने २४० चा एक मॉनिटर मांडला आणि संगणकाच्या सेटिंगमध्ये आकडा बदलत आमची परीक्षा घेतली. मला खेळ येत नाहीत, म्हणून मी माझ्याच कादंबरीचे हस्तलिखित उघडून पाने वरखाली सरकवत बसलो. ६० आणि १४४ यांतला फरक मी दहापैकी दहा वेळा ओळखला. साठवर ओळी सरकताना फराटे उठत होते. एकशेचव्वेचाळीसवर पान सरकत असतानाही शब्द वाचता येत होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या डोळ्यांना हे दिसले, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र १४४ आणि २४० यांत माझे पाच बरोबर आले, पाच चुकले. म्हणजे नाणे उडवले असते, तरी चालले असते. नातवाचे खेळताना आठ बरोबर आले. त्याचे डोळे तरुण आहेत, हे मान्य करायलाच हवे.

हे फराटे का उठतात, तेही समजून घेतले. समजा, एखादी वस्तू पडद्यावर सेकंदाला ९६० ठिपके एवढ्या वेगाने पळते आहे. डोळा तिच्यामागे सरळ फिरत असतो. चित्र मात्र पुढचे येईपर्यंत जागच्या जागी थांबते. साठ हर्ट्झवर या ओढाताणीत वस्तू १६ ठिपके फासल्यासारखी दिसते. १८० वर पाच-साडेपाच, २४० वर चार. खरी कमाई ही आहे. मनुष्याला काही दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात. त्यापुढे दीड मिलिसेकंदाचा फायदा स्पर्धेत पोट भरणाऱ्या खेळाडूने मोजावा. घरच्या खेळाडूने चित्र स्वच्छ दिसते की नाही, एवढे पाहावे.

पण दुकानदाराने पैसे घेण्याआधी जो प्रश्न विचारला, तो लाखमोलाचा होता. ‘‘घरी ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे?’’ जुन्या वाचकांना बँकेतली टोकन पद्धत आठवत असेल. काउंटरवर चेक द्यायचा, पितळी टोकन घ्यायचे आणि बाकावर बसायचे. चेक लेजरवरून पासिंग ऑफिसरकडे जायचा आणि तिथून कॅशियरकडे. मग तुमच्या नंबराचा पुकारा. आता समजा, शाखेने मिनिटाला वीस नंबर पुकारणारा चपळ कॅशियर आणला. पण आत पासिंग ऑफिसर मिनिटाला पाचच चेक पास करतो आहे. बाकावरची गर्दी हटेल का? मॉनिटर हा कॅशियर. चित्र काढून पास करणारा अधिकारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्यामागचा प्रोसेसर. कार्ड सेकंदाला पन्नास चित्रे काढत असेल, तर १८० चा पडदा तीच चित्रे पुनःपुन्हा दाखवत बसणार.

नातवाचे कार्ड जुने, दुसऱ्याकडून घेतलेले आहे. ‘व्हॅलोरंट’सारख्या हलक्या, झटापटीच्या खेळात ते दीडशेच्या वर चित्रे देते. मोठमोठ्या जंगलांच्या आणि शहरांच्या खेळांत ते पन्नास-साठवरच धापा टाकते. तो बहुतेक वेळ पहिल्या प्रकारचे खेळ खेळतो, म्हणून प्रकरण तगले. यावर आणखी एक सोय असते. फ्रीसिंक, जी-सिंक अशी तिची नावे आहेत. तीत आमचा कॅशियर घड्याळाकडे न पाहता, चेक पास होऊन हातात आला की लगेच पुकारा करतो. त्यामुळे वरचे अर्धे चित्र नवे आणि खालचे अर्धे जुने, असा फाटका प्रकार होत नाही. वेगाच्या मोठ्या आकड्यापेक्षा ही सोय आहे की नाही, हे आधी विचारावे.

आणि घरी आणल्यावर सेटिंग बदलावे. आमच्याच इमारतीत एका घरी १४४ चा मॉनिटर वर्षभर साठवर चालत होता. संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. लॉकरचे भाडे भरून दागिने कपाटात ठेवण्यातला प्रकार.

हा खर्च कोणी करू नये, हेही सांगितले पाहिजे. जो लिहितो, हिशेब ठेवतो, सिनेमे पाहतो, त्याने अक्षरांचा रेखीवपणा आणि उंची कमीजास्त होणारा स्टँड पाहावा. कचेरीच्या साध्या मॉनिटरमध्येही आता १०० हर्ट्झ सर्रास मिळतात. तेवढे पुष्कळ झाले. डोळ्यांचा त्रास कमी होईल म्हणूनही जास्तीचे पैसे घालू नयेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हाच्या काचेच्या नळीच्या पडद्यांना ते लागू होते. तिथे चित्र विझून पुन्हा पेटायचे आणि मंद वेगावर लुकलुकायचे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र तसे विझत नाही. डोळे कोरडे पडतात ते पापण्या मिटायचे विसरल्याने. त्यावर अधूनमधून खिडकीबाहेर पाहणे हा उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

मोठा खेळाडू व्हायचे म्हणून मोठा आकडा हवाच, हाही भ्रम. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते. तिथे भारताच्या तीर्थ मेहताने कांस्यपदक मिळवले, ते ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या खेळात. त्यात डोके पळवावे लागते; पडदा कितीही सावकाश पळाला तरी चालते. पैसे लावून खेळायचे खेळ मात्र निराळे. त्यांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता देणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. घरात गेमिंग हा शब्द ऐकून धास्तावणाऱ्या आईबापांनी या दोहोंतला फरक आधी मुलाकडून समजून घ्यावा.

आता लेकीच्या सुराविषयी. १९९६ साली माझी बदली रत्नागिरीला होती. ती तेरा वर्षांची होती आणि तिला गिअरची सायकल हवी होती. मी नेहमीप्रमाणे हिशेब मांडला : साध्या सायकलनेही शाळेत पोचता येते, गिअर म्हणजे जादा खर्च आणि वर दुरुस्तीची कटकट. साधी सायकल घेतली. तीन वर्षे ती रोज खालच्या गावातून वर सड्यावरच्या शाळेत गेली. तक्रार एकदाही केली नाही. लॅमिंग्टन रोडवरून परतलो त्या रात्री ती सहज म्हणाली, ‘‘बाबा, अर्ध्या चढावर मी रोज उतरायचे आणि सायकल ढकलत न्यायचे. तुम्हाला कधी दिसलं नाही. तुम्ही स्कूटरवर असायचात.’’

माझ्या हिशेबात एक पैशाची चूक नव्हती. फक्त त्यात चढ धरलेला नव्हता.

म्हणून माझे मत असे. ज्याच्या घरी वेगवान खेळ खेळणारे कोणी आहे आणि ज्याचे कार्ड तेवढी चित्रे काढू शकते, त्याने साठवरून १४४ किंवा १८० वर जरूर जावे. तो चढ खरा आहे. मी स्वतः पाहून आलो. त्यापुढचा रस्ता बहुतेकांसाठी सपाटच आहे. तिथे गिअरचे पैसे वाचवावेत आणि पुढेमागे कार्डाला लावावेत.

प्रकरण मंजूर केले. व्याज माफ, हप्ते दहा. बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात हप्त्याला सूट. शेवटच्या रकान्यात ‘तारण : सायकल’ असे त्याच्या अक्षरात लिहिलेले होते. ते मी लाल शाईने खोडले आणि खाली सही केली.