पावसाआधी बॉनेट उघडा

रोहिणी नक्षत्र लागलं की गॅरेजांसमोर गाड्यांची रांग लागते. मृग तोंडावर आलेला असतो, प्रत्येकाला आपली गाडी पावसाआधी ‘एकदा दाखवून’ घ्यायची असते आणि मेकॅनिकच्या हाती एका गाडीसाठी जेमतेम तास-दीड तास असतो. तेवढ्यात तो ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, ब्रेक बघतो. पावसाचं पाणी तुमच्या गाडीत कुठून शिरणार आहे, हे बघायला त्याला सवड नसते. ते काम मालकाचं आहे आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका सकाळीत उरकण्यासारखं आहे.

सुरुवात वायपरच्या खालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीपासून करा. पुढच्या काचेवरून ओघळणारं पाणी या जाळीतून खालच्या पन्हळीत उतरतं आणि पन्हळीच्या टोकांना असलेल्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. एसीच्या ब्लोअरला बाहेरची हवा मिळते तीही बहुतेक गाड्यांत इथूनच. मे महिना गुलमोहराचा. त्याच्या पाकळ्या, त्याची चिमुकली पानं, पर्जन्यवृक्षाचा पाला असं सगळं जाळीतून आत जातं, धुळीत कालवलं जातं आणि भोकांच्या तोंडाशी लगदा होऊन बसतं. पहिल्या मोठ्या सरीत पन्हळ तुंबते, पाणी ब्लोअरच्या तोंडापर्यंत चढतं आणि क्लीनर साइडच्या पायाखाली उतरतं. कार्पेटखालचा फोम ते पिऊन टाकतो, त्यामुळे वरून हात लावला तर ओल कळतही नाही. आठवड्याभराने कुबट वास सुटतो. पुष्कळ गाड्यांत त्याच कार्पेटखालून वायरिंग गेलेलं असतं. तिथले कनेक्टर गंजले की डॅशबोर्डवर भलतेच दिवे पेटू लागतात आणि मूळ कारण शोधण्यात मेकॅनिकचे दिवस आणि तुमचे पैसे जातात.

उपाय फुकटचा आहे. बॉनेट उघडा, जाळीच्या कडेचा पाला हाताने वेचून काढा, हात पोचत नाही तिथे व्हॅक्यूम क्लीनरची नळी घाला. मग तांब्याभर पाणी काचेच्या खालच्या कडेवर हळूहळू ओता आणि कुणाला तरी चाकाच्या मागे बघायला सांगा. दोन्ही बाजूंना काही क्षणांत धार दिसली पाहिजे. दिसली नाही तर भोक बुजलं आहे. ते मोकळं करायला तार खुपसू नका, कारण काही गाड्यांत टोकाला रबरी चोच असते आणि ती फाटते. जाड नायलॉनची दोरी पुरते. सनरूफ असेल तर ते उघडून त्याच्या चौकटीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतही थोडं पाणी सोडून बघा, कारण तिथल्या पाण्याच्या नळ्याही अशाच तुंबतात. दरवाजांच्या खालच्या कडेला लहान भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून कुजतो. दार लावताना आत पाणी डचमळल्याचा आवाज आला तर हेच समजा.

पायाखाली ओल सापडली तर घाबरण्याआधी पाणी कसलं आहे ते बघा. स्वच्छ असेल तर ते पावसाचं किंवा एसीचं. एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडायला हवेत. ते पडत नसतील आणि आत ओल असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट आहे. ते विषारी असतं, चाखून बघू नका. अशी गाडी थेट गॅरेजला न्यायची.

आता बॅटरी. जूनमध्ये ‘गाडी सेल्फ घेत नाही’ ही तक्रार एकाएकी वाढते आणि दोष पावसाला दिला जातो. खरं नुकसान एप्रिल-मेच्या उष्णतेने केलेलं असतं. उन्हाने बॅटरी आतून थकते आणि जूनमध्ये हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर असा सगळा भार एकदम आला की ते उघडं पडतं. पुष्कळदा तर बॅटरी ठणठणीत असते आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमलेली असते. ती वीज अडवते. गाडी बंद, चावी बाहेर, दहाचा पाना हातात. आधी काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, सोडवायची. हा क्रम काटेकोर पाळा. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो हे विसरू नका. लावताना क्रम उलटा, आधी लाल, मग काळी. मधल्या वेळात कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून तो जुन्या टूथब्रशने टर्मिनलवर घासा. फेस येऊन पूड विरघळते. पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचं बोट फिरवा. घड्याळ आणि काही गाड्यांत काचांचं ऑटो सेटिंग पुन्हा करावं लागेल, तेवढंच.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर प्रत्येक गाडीवाल्याने घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ दिसले तर निम्म्यावर आली आहे. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसले म्हणजे अल्टरनेटर काम करतो आहे. काही नव्या गाड्यांत हा आकडा वरखाली होतो, पण चालू इंजिनावरही तो बाराच्या घरातच रेंगाळत राहिला तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही, आधी अल्टरनेटर तपासायला हवा. हे एवढं माहीत असलं की ‘बॅटरी गेली साहेब’ या वाक्यावर तुम्ही दोन प्रश्न विचारू शकता.

वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसून बघा. कड फाटली असेल तर बदला. पट्टी काढल्यावर उघडी लोखंडी दांडी काचेवर आपटू शकते, म्हणून काचेवर जाड टॉवेल अंथरूनच काम करा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो काढून झटका, काळा पडला असेल तर नवा घाला, त्यावरचा बाण कुठल्या दिशेला होता ते आधी बघून ठेवा.

टायरचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पावसात टायर कमी हवेवर चालवावेत म्हणजे पकड चांगली राहते, हा गैरसमज अजून गेलेला नाही. उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या खाचा दबतात, पाणी बाजूला फेकलं जात नाही आणि वेगात गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते. त्या क्षणी स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही हातचे जातात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीचा आकडा छापलेला असतो, तेवढीच हवा, टायर थंड असताना भरायची. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली आणि टायर संपला. बाजूवरचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. हे सगळं स्टेपनीचंही बघा. एक्स्प्रेसवेवर भर पावसात डिक्की उघडल्यावर तिच्यात हवा नाही हे कळण्यात काही अर्थ नाही.

यातलं एकही काम अवघड नाही. तरी सर्व्हिसच्या बिलात ‘इंजिन ड्रेसिंग’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’, ‘एसी डिसइन्फेक्शन’ अशा ओळी दर वेळी येतात आणि आपण मुकाट्याने पैसे भरतो. त्यातल्या काहींची कधीमधी गरज असते, दर सर्व्हिसला नसते. कुठलं काम किती किलोमीटरला करायचं हे ओनर्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. बिलातली जी ओळ त्या तक्त्यात नाही, तिचं कारण विचारायचं. गाडी कुठे आणि कशी दुरुस्त करायची, या प्रश्नावर आपल्या देशात मोठी लढाई झालेली आहे. सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू न देता स्वतंत्र गॅरेजांची कोंडी केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. हा हक्क वापरायचा तर आधी आपल्या गाडीची ओळख हवी. बॉनेट कसं उघडतं हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या हक्काचा त्याला काय उपयोग?

आता थांबायचं कुठे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. गाडीबरोबर येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, अगदी पडलेला नट उचलायलाही नाही. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. ब्रेक ऑइलची पातळी बघा, पण ती खाली गेली असेल तर वरून ओतून प्रश्न झाकू नका. एक तर पॅड झिजले आहेत किंवा कुठे तरी गळती आहे, आणि दोन्ही कामं जाणत्या हातांची आहेत. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात नको. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलमध्ये जिवावर बेतेल इतका विजेचा दाब असतो, त्यांच्या जवळपासही पाना नको.

शेवटी साचलेलं पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या दिवशी मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये अडकून मेली. गाडी पाण्यात बंद पडली आणि पाणी दाराशी चढू लागलं तर सगळ्यात आधी काच खाली करा. थोड्या वेळाने ती उतरेल याची खात्री नसते. काच फोडायची छोटी हातोडी हाताला येईल अशी ठेवा, डिक्कीत नको. आणि बाहेर पडल्यावर, पाणी ओसरल्यावरसुद्धा, पुन्हा सेल्फ मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

इंजिनात पाणी शिरण्याची वेळच येऊ नये म्हणून या रविवारी आणखी एक गोष्ट करा. बॉनेट उघडलेलंच असेल, तर एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणारी जाड नळी शोधा आणि तिचं तोंड कुठे आहे ते बघा. काही गाड्यांत ते ग्रिलच्या वर असतं, काहींत हेडलाइटच्या मागे बरंच खाली. जमिनीपासून त्याची उंची टेपने मोजा. पण तेवढ्या पाण्यातून गाडी जाईल असा हिशेब करू नका. पुढची गाडी लाट उडवते आणि खालचा रस्ता दिसत नाही, म्हणून अर्धं चाक बुडेल इतकं पाणी दिसलं की गाडी मागे वळवा. ही अर्ध्या चाकाची मर्यादा घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.