पिठ्या ढेकणाला मथळा, माशीला तळटीपही नाही

कीड वाढली की ती राष्ट्रीय बातमी होते. ओसरली की का ओसरली, हे विचारायला कोणी जात नाही. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचे असेच झाले.

फेनाकॉकस सोलेनॉप्सिस हा मूळचा अमेरिकेतला. टिन्स्ले यांनी १८९८ मध्ये त्याचे वर्णन केले. २००५ नंतर तो भारतातल्या कपाशीत पसरला. बीटी वाणातले प्रथिन बोंडअळीसाठी. रस शोषणाऱ्या या किडीला त्याची फिकीर नव्हती. शेतकऱ्यांनी फवारण्या वाढवल्या आणि वृत्तपत्रांनी मथळे.

२००८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राच्या संशोधकांना याच ढेकणातून निघणारी, जेमतेम दोन मिलिमीटरांची परजीवी माशी आढळली. ही गांधीलमाशीच्या दूरच्या गोतावळ्यातली. मादी ढेकणाच्या अंगात अंडे घालते, अळी त्याला आतून खाते. ढेकूण फुगतो, तपकिरी आणि चामड्यासारखा कडक होतो. मग त्याला गोल छिद्र पाडून एकच माशी बाहेर येते. मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये तिला नवी जाती मानून केंद्राचे तत्कालीन संचालक बंबावाले यांच्यावरून एनासियस बंबावालेई असे नाव दिले. पुढे ती अ‍ॅरिझोनातून पूर्वीच वर्णन झालेली एनासियस अ‍ॅरिझोनेन्सिसच ठरली.

म्हणजे शत्रू परका आणि मित्रही परका! ‘स्वदेशी माशीने विदेशी कीड हरवली’ ही गोड कथा त्याबरोबर संपली. ज्यांना यात देशाची मानहानी दिसते, त्यांनी विज्ञानवार्ता आणि क्रिकेटचा धावफलक यांत गल्लत केली आहे. माशीला कोणी आयात केले नव्हते, कोणत्या योजनेतून सोडले नव्हते. ती आपल्या यजमानामागे आपणच आली. या कामाचे श्रेय कोणाच्या अहवालात बसत नाही, म्हणून की काय, ते कोणी सांगतही नाही.

या मौनाची किंमत शेतात मोजावी लागते. ढेकणाच्या अंगावर मेणाचे कवच असते, औषधाचा थेंब त्यावरून निसटतो. माशी मात्र उघडी. एकाच फवाऱ्यात कीड तगते आणि तिचा शत्रू मरतो. कीडग्रस्त झाड उपटून तत्काळ जाळण्याचा सल्लाही तितकाच आंधळा आहे. त्या आगीत उद्याच्या माश्याही जळतात.

दिल्लीत शिकणाऱ्या मित्रांनो, वसतिगृहाच्या कुंपणावरच्या जास्वंदीवर किंवा रस्त्याकडेच्या गाजरगवतावर पांढरा पुंजका दिसला तर भिंग घेऊन जा. आधी त्यातले तपकिरी ढेकूण मोजा. पंपाचे मग पाहू.