सात तास घालवलेत, मग आता?

शनिवारी शेवटचा पेपर संपला आणि रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं बाइकवर. सुट्टीचा पहिला दिवस, नुकताच लागलेला पाऊस आणि भुशी डॅम! पुण्यातल्या निम्म्या कॉलेजचा हाच प्लॅन असतो. प्रॉब्लेम एवढाच, की त्या दिवशी ते सगळे निघाले होते.

एक्स्प्रेस-वेवर बाइकला बंदी, त्यामुळे जुना हायवे. देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेतपर्यंत मजेत आलो. कार्ला फाट्यानंतर मात्र गाडी पहिल्या गिअरमधून बाहेरच येईना. ‘दहा मिनिटांत पोचतो गं,’ असं तो दर अर्ध्या तासाने म्हणत होता. मग ‘तुलाच भुशी बघायचं होतं’, ‘तूच उशिरा आलास’ सुरू झालं. त्यानंतर दोघंही गप्प.

चहाच्या टपरीवर थांबलो. मावशी कणीस भाजता भाजता म्हणाल्या, ‘तुमचा एक रविवार गेला पोरांनो. आमचे पावसाळ्यातले सगळेच जातात. घरात कुणाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी याच रांगेतून.’ काय बोलावं कळेना. त्या रांगेत आम्हीही होतोच की.

डॅमवर पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. पायऱ्यांवरून पाणी जोरात वाहत होतं, लोकांना बाहेर काढण्यासाठी शिट्ट्या वाजत होत्या. मला भीती वाटली. तो म्हणाला, ‘सात तास घालवलेत, आता एक फोटोही न काढता परत जायचं?’ मलाही ते पटलं! शेवाळावर त्याचा पाय सरकला आणि शेजारच्या एका अनोळखी दादाने दंड पकडला म्हणून तो सावरला. फोटो आलाच नाही.

मला बोलायचंय ते या ‘सात तास घालवलेत’बद्दल. थकलेला, चिडलेला माणूस त्रासाची वसुली करायला बघतो आणि नेमका तेव्हाच पाण्यासमोर उभा असतो. ३० जून २०२४ला भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ला मावळातच कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवारच. त्या लोकांचं चुकलं, असं मी अजिबात म्हणत नाही. पूल सांभाळणं, गर्दी आवरणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे. पण रविवारी त्याच गर्दीत आणखी एक बाइक घालायची की नाही, हे तर आपल्या हातात आहे ना?

पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो, लोकलने. मळवलीला उतरलो. तिथून भाज्याची लेणी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची, तरी आम्ही दोघांनीही कधी पाहिली नव्हती. वाटेत एक्स्प्रेस-वेवरचा पूल लागतो. खाली गाड्या, वर आम्ही, हातात वडापाव. गाडीत बसायला जागा मिळाली होती, त्यामुळे गप्पा झाल्या. भांडण झालं ते फक्त खिडकीवरून.

लोकलला गर्दी नसते असं नाही, आणि दुपारी गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवावी लागते. पण एक फायदा मोठा आहे. पाऊस वाढला, पाणी चढलेलं दिसलं, तर ‘चल, परत जाऊ’ म्हणताना जीवावर येत नाही. नव्या नात्यात तर हे वाक्य दोघांनाही म्हणता आलं पाहिजे, आणि समोरच्याने ते ऐकलंही पाहिजे.

सुट्टी लांब आहे. लोणावळा कुठे पळून जात नाही.